रघू, तुझं घड्याळ चुकलं नव्हतं

रघू,

परवा तुझं बारावं झालं. जेवणं आटोपल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या आणि कुणीतरी म्हणालं, "सदाभाऊ, तुम्ही दोन शब्द बोला. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" मी उठलो नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घशाला काहीच झालं नव्हतं. उभा राहिलो असतो तर तू नौदलात कधी गेलास, कुठल्या जहाजावर होतास, असलं सगळं सांगावं लागलं असतं. ते तर तुझ्या पेन्शनच्या कागदावरही आहे. मला जे बोलायचं होतं त्यातलं अर्धं भांडण होतं आणि अर्धी कबुली. चारचौघांत ती करता आली नसती.

आधी भांडणाचं बोलतो, कारण त्यातच आपलं जास्त आयुष्य गेलं.

आपण दोघे पाणबुडे. तू माझ्याहून एका वर्षाने मोठा, नौदलातही एक वर्ष आधीचा. पेन्शन घेऊन मालवणला परत आलो तेव्हा बाकीचे लोक दुकान टाकत होते, कलमं लावत होते. आपल्याला पाण्याखाली काम करण्यापलीकडे काही येत नव्हतं. मग तेच सुरू केलं. ट्रॉलरच्या पंख्यात जाळं अडकलं, बोलवा रघू-सदाला. जेटीचा खांब तडकला, बोलवा. बुडालेली होडी वर काढायची, बोलवा. एक जण खाली, एक जण होडीत दोरी धरून. दोन वेळा हिसका म्हणजे आणखी दोरी सोड, चार वेळा म्हणजे वर ये. पंधरा वर्षांत आपण एकमेकांशी जितकं तोंडाने बोललो असू तितकंच त्या दोरीने बोललो असू.

आणि टेबल. आपण त्याला टेबलच म्हणायचो, कोष्टक कधी म्हटलं नाही. किती खोल गेलात, किती मिनिटं राहिलात, आणि वर येताना कुठे किती वेळ थांबायचं, एवढंच त्यात असतं. नौदलातल्या टेबलाची नक्कल मी स्वतःच्या अक्षरात केली होती, फुटांशेजारी वावही लिहिले होते, कारण होडी हाकणाऱ्या आपल्या तांडेलांना सहा फुटांचा वाव कळतो, फूट कळत नाही. मग त्याला प्लास्टिक चढवून घेतलं. ट्रॉलरचे मालक वैतागून विचारायचे, काम संपलं तर हा माणूस दोरीला लटकून काय करतोय? तेव्हा तू गोटी सोड्याची बाटली मागवायचास. एकदम फोडून दाखवायचास, सगळा सोडा फसफसून त्यांच्या धोतरावर. मग दुसरी हळूहळू दाबत उघडायचास. "माणसाचा रगात पाण्याखाली असा जाता," म्हणायचास. "भसकन वर इलो तर ह्या पयल्या बाटलीसारखो. थांबत थांबत इलो तर ह्या दुसऱ्यासारखो." आणि दुसरी बाटली स्वतः प्यायचास.

तेव्हा आपलं भांडण नव्हतं. भांडण तू आखातातून घेऊन आलास.

दोन वर्षं तू तेलविहिरींवर कामाला गेला होतास. आपला जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा परत आलास. वहिनींसाठी साड्या, मुलीसाठी कॅमेरा, आणि स्वतःच्या मनगटावर साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी. गावात सगळ्यांनी तिला 'रघूचो ट्रान्झिस्टर' नाव ठेवलं. तू कुणावर रागावला नाहीस. पडवीत बसून मला समजावत राहिलास. ही डबी खोली मोजते, वेळ मोजते, आणि अंगात किती वायू मुरला याचा हिशोब क्षणाक्षणाला मांडते. आणखी किती मिनिटं राहता येईल ते काचेवर आकड्यांत दिसतं.

"सद्या, तुझो टेबल समजता की माणूस पाण्यात खांबासारखो एकाच जाग्यार उभो आसा," तू म्हणालास. "तू पाच मिनटां तळाक आसलंस आणि पंचवीस मिनटां मधीच, तरी तो तुका तीस मिनटां तळाक धरता. मशीन तसा करणा नाय. जितक्यास तितक्या."

"तो जास्तीचा धरता म्हणानच आपण जिते आसो," मी म्हटलं. "आणि ह्येची ब्याटरी गेली तर?"

"तुझो कागद भिजलो तर?"

"प्लास्टिकात आसा."

"मशीनवी प्लास्टिकातच आसा!"

वहिनी चहा घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. त्यांना वाटलं खरंच हातघाईवर आलंय.

त्या दिवसापासून प्रत्येक कामाला तेच. मी म्हणायचो, मशीनला माझा गुडघा माहीत नाही, माझं वय माहीत नाही. तू म्हणायचास, टेबलाला तरी कुठे माहीत आहे? मी म्हणायचो, धंद्यातल्या माणसाने हिशोब स्वतःच्या डोक्याने करावा, डबीवर सोपवू नये. तू म्हणायचास, धंद्यातल्या माणसानेच करू नये, कारण त्याला काम संपवायची घाई असते आणि घाईतला माणूस मिनिटं खातो. ते खरं होतं. मिनिटं खाणारे आपण दोघांनीही नौदलात पाहिले होते. एक मात्र आपण ठरवलं आणि पाळलं: टेबल आणि मशीन यांत जे आधी वर बोलावेल त्याचं ऐकायचं. ठरवलं तू. मी तर तेही मान्य करायला दोन दिवस घेतले.

आता देवगडचं.

नानांचा ट्रॉलर देवगड बंदराबाहेर सोळा वाव पाण्यात बसला होता. नाना म्हणजे आंब्याचे बागायतदार, भला माणूस, पण तो ट्रॉलर त्यांनी मुलाच्या नावाने घेतला होता आणि मुलगा पहिल्याच हंगामात तो घालवून बसला होता. माणसं सगळी वाचली, ट्रॉलर गेला. त्याच्या पोटाखालून वायर ओढून घ्यायची, मग वरून उचलायचा, असं काम. पहिल्या दिवशी तू गेलास. दुसऱ्या दिवशी मी. त्याच दिवशी माझ्या घड्याळात पाणी गेलं आणि ते बंद पडलं. तिसऱ्या दिवशी पाळी तुझी होती, पण तुला सर्दी होऊन कान बसला होता. कान बसलेल्या माणसाने खाली जायचं नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणून परत मीच जाणार होतो.

नानाही होडीत होते. तू मनगटावरची डबी सोडलीस आणि माझ्यापुढे धरलीस.

"आज ही बांध. काल तू गेललंस, आज परत जातंस. टेबल म्हणता रात गेली की माणूस कोरो. तसा नसता रे."

"ह्येच्यात तुझा रगात आसा, माझा नाय," मी म्हटलं. "तू पयल्या दिसाक खाली गेललंस, ता ह्या धरून बसला आसतला. माझा ह्येका काय म्हायत?"

तू हसलास. डबी परत आपल्या मनगटावर बांधलीस आणि मला फार बरं वाटलं. मग तू नेहमीसारखं विचारलंस, "बरो आसंस मा?"

"बरो आसंय," मी म्हटलं.

रघू, मी बरा नव्हतो.

आदल्या रात्री खानावळीत शिंपल्यांतले तिसरे खाल्ले होते, ते बाधले. पहाटेपासून मला पाच वेळा जावं लागलं होतं. पोटात पाण्याचा थेंब टिकत नव्हता. डोकं हलकं झालं होतं, जीभ कोरडी पडली होती. अंगात पाणी नसलं की रक्त दाट होतं आणि मुरलेला वायू नीट बाहेर पडत नाही, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक होतं. तुला सांगितलं असतं तर तू मला होडीतून उतरू दिलं नसतंस. काम एक दिवस पुढे गेलं असतं, एवढंच. पण आदल्या संध्याकाळी मी टेबलाची बाजू घेऊन तुझ्याशी दीड तास भांडलो होतो. आणि सकाळी आजारी पडून बसणं मला त्या भांडणात हरल्यासारखं वाटलं. यात काही तर्क नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाने एवढ्यासाठी खोटं बोलावं याची आज लाज वाटते.

मी खाली गेलो. वेळ तू धरलीस, तुझ्या घड्याळावर. चाळीस मिनिटं झाली, चार हिसके आले. मी वर निघालो. दहा फुटांवर दोरीला धरून पंधरा मिनिटं थांबलो, टेबलात लिहिलं होतं तसं. एक मिनिट कमी नाही. तू मला होडीत ओढून घेतलंस, वायर बसली का विचारलंस, मी म्हटलं बसली. धक्क्याला लागेपर्यंत माझा डावा खांदा दुखायला लागला होता. धक्क्यावर उतरताना पाय जमिनीला लागला आणि मला जमीन कळलीच नाही.

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. मला दवाखान्यात टाकलंस आणि पोस्टात धावलास, कारण यावर औषध एकच, दाबाची टाकी. माणसाला त्या लोखंडी टाकीत घालायचं, परत पाण्याखालचा दाब द्यायचा आणि मग तासन्‌तास हळूहळू उतरवायचा. ती टाकी गोव्यात एका गोदीत आहे हे तुला माहीत होतं, पण चालू आहे की नाही ते माहीत नव्हतं. अर्जंट ट्रंक कॉल लावून तू पोस्टाच्या बाकावर बसून राहिलास.

इकडे दवाखान्यात डॉक्टरांनी मला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. त्यांचा काहीच दोष नाही. असा रोगी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पाय लुळे पडताहेत म्हटल्यावर ते म्हणाले, कोल्हापूरला न्या, मोठ्या हॉस्पिटलात. नानांनी तिथल्या तिथे जीप काढली. मला मागे आडवं घातलं. मी गुंगीत होतो. जीप हलली तेव्हा मला वाटलं, गोव्यालाच चाललोय, रघूने सगळं ठरवलं असेल. मी डोळे मिटून घेतले.

पुढचं मला पोस्टमास्तरांनी नंतर सांगितलं. तुझा फोन लागला, टाकी चालू आहे, घेऊन या असं कळलं, तू दवाखान्यात आलास, तर जीप गेलेली. कुठे गेली ते ऐकून तू पोस्टमास्तरांची मोटरसायकल मागितलीही नाहीस, घेऊन गेलास. तुला मोटरसायकल नीट येत नव्हती. तिसरा गियर तुला कधी सापडलाच नाही म्हणे, देवगडपासून दुसऱ्यातच गेलास, आणि ती किंचाळत होती ती बाजारपेठ ओलांडेपर्यंत सगळ्यांना ऐकू येत होती.

फोंडाघाटच्या बाजारात ड्रायव्हरने जीप थांबवली होती. इंजिन तापलं होतं आणि पुढे घाट, म्हणून ते निवल्यावर पाणी घालत होता. तो अर्धा तास नसता तर मी आज हे लिहिलं नसतं. मोटरसायकलचा आवाज मी ऐकला, आणि मग तुझा.

"नानानू, गाडी फिरवा."

"अरे रघुनाथ, कोल्हापुराक मोठे डॉक्टर आसत," नाना म्हणाले. "दोन-तीन तासात पोचतलो आमी."

"डॉक्टर कितीवी मोठे आसांदेत. ह्येका झाला हा ता पाण्यातसून वर येवन झाला हा. त्येका आनी वर न्हेवचो नाय. ह्यो घाट चढलास तर कोल्हापुराक मडा पोचतला."

"म्हणजे काय? डोंगरार चढल्यान माणूस मरता?"

"दुसरो मरणा नाय. ह्यो मरतलो."

नाना घुटमळले. बाजारातली माणसं जमली, प्रत्येकाचं आपलं मत, आणि बहुतेकांचं मत कोल्हापूर. एक मास्तर म्हणाले, हे अडाणीपणाचं बोलणं आहे, रोग्याला अडवू नका. तेव्हा तू त्या मास्तरांना सोडा समजावत बसला नाहीस. जीपच्या पुढच्या चाकासमोर रस्त्यात मांडी घालून बसलास. शर्टाची बटणं नीट लावून, पंगतीला बसावं तसा. म्हणालास, "फिरवा, नायतर माझ्यावरसून न्हेवा."

नानांनी गाडी फिरवली. त्यांना पटलं नव्हतं. ते मला पुढे म्हणाले, "माका काय एक कळला नाय. पण इतको शांत माणूस रस्त्यात बसता म्हणजे कायतरी आसतला, इतक्याच कळला."

घाट चढताना हवेचा दाब कमी होतो आणि अंगातले बुडबुडे फुगतात. हे टेबलात लिहिलेलं नव्हतं, तुझ्या मशीननेही दाखवलं नसतं. ते तुझ्या डोक्यात होतं.

कणकवलीला तू दवाखान्यातून प्राणवायूचं सिलिंडर उचललंस. माझं डोकं मांडीवर घेऊन बसलास आणि मला उठून बसू दिलं नाहीस, पाणी पाजलंस तेही चमच्याने. गंमत बघ, त्या दिवशी मला सगळ्यात जास्त गरज पाण्याची होती आणि का होती ते तुला ठाऊक नव्हतं, तरी तू पाजत राहिलास. दिवेलागणीला गोव्यात पोचलो. टाकीत रोग्याबरोबर एक माणूस आत लागतो. तिथल्या माणसाने कपडे बदलायला घेतले तर तू त्याला म्हणालास, "मी जातंय. माझो माणूस आसा."

त्या टाकीत आपण किती तास होतो मला आठवत नाही. तू पायाशी बसला होतास. दर थोड्या वेळाने माझ्या पायाचा अंगठा चिमटीत धरायचास आणि विचारायचास, "कळता मा?" मी म्हणायचो, नाही. दाबाने तुझा आवाज नाकातून आल्यासारखा पातळ झाला होता, नाटकातल्या एखाद्या चेटकिणीसारखा. "कळता मा? कळता मा?" असं त्या आवाजात तू इतक्यांदा विचारलंस की मला हसू फुटलं. तुलाही फुटलं. दोन म्हातारे लोखंडाच्या पिंपात पडून खिदळत होते आणि बाहेरचा माणूस काचेतून बघत होता, की यांच्या डोक्यात हवा गेली की काय. हसता हसता तू चिमटा जोरात काढलास आणि मी ओरडलो.

तू हसायचा थांबलास. मग दोन्ही हातांनी माझा पाय धरलास आणि डोकं त्याच्यावर टेकलंस. तुझं अंग हलत होतं. तेव्हाच मी खरं बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. खोली, वेळ, थांबा. तू कागदावर मांडून दिलंस. ते म्हणाले, टेबलाप्रमाणे तर सगळं बरोबर दिसतंय. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आदल्या दिवशी काही आजार? ताप, जुलाब, उलट्या?"

तू माझ्याकडे बघत होतास. होडीत तुला 'बरो आसंय' म्हणून सांगितलेलं होतं. मी मान हलवली. नाही.

नाना भेटायला आले तेव्हा म्हणाले, "शेवटी तुमचो तो कागदाचो टेबल चुकलोच मा?" मला वाटलं, आता तू ऐकवणार. दोन वर्षांचं भांडण तू एका वाक्यात जिंकू शकत होतास आणि तो तुझा हक्क होता. तू म्हणालास, "टेबल चुकलो नाय नाना. वेळ धरणारो चुकलो आसतलो. माझा घड्याळ."

मी भिंतीकडे तोंड केलं.

पाय परत आले, रघू. डाव्या तळव्याचा रुपयाएवढा भाग अजून बधिर आहे, बाकी सगळं आलं. खाली जाणं मात्र बंद झालं. मग तू खाली आणि मी कायमचा होडीत. एके दिवशी किल्ल्याच्या मागल्या खडकांत काम लवकर संपलं. तुझ्या मशीनने आणखी अकरा मिनिटं दाखवली, तेव्हा तू वर आला नाहीस, दोन हिसके देऊन दोरी मागितलीस. वर आलास तेव्हा मी रागाने टेबल पुढे केलं. खोली कमीच होती, टेबलातही ते बसत होतं, तरी मी टेबल पुढे केलं. तू मास्क काढलास आणि सांगायला लागलास. खडकाखाली एक गोब्रो मासा बसलाय, पूर्वी आपण दोघांनी पाहिलेल्या गोब्र्याएवढाच दांडगा. पिवळ्या पोवळ्यांच्या पलीकडे एक घळ उघडलीय, पूर्वी वाळूने बंद होती. तिथून कुठे कुठे काय दिसतं. मिनिटागणिक सांगितलंस. "ही अकरा मिनटां तुझी," म्हणालास. "तुका बघूक गावणा नाय म्हणान मी बघून इलंय." त्यानंतर जेव्हा जेव्हा मशीनने जादा मिनिटं दिली तेव्हा ती तू माझ्यासाठी खर्च केलीस. मी पाण्यात न उतरता दोन वर्षं समुद्राचा तळ पाहिला. हे सुख मला टेबलाने कधीच दिलं नसतं. तोंडाने मी तुला ते कबूल केलं नाही, पण आता करतो.

आणि त्याच दोन वर्षांत मी तुझ्या हातात दोन घड्याळं पाहिली. डाव्या हातात एक, उजव्यात एक. कुठल्या नवशिक्याची वेळ धरायची असली की तू पाटीवर पेन्सिलने प्रत्येक पाच मिनिटाला खूण करायचास, मग परत मोजायचास, मग मला विचारायचास, "सद्या, तू मोजलंस काय?" आखातात, नौदलात कुणाच्या वेळेत तू कधी अर्धं मिनिट इकडे तिकडे केलं नव्हतंस. वेंगुर्ल्याच्या कामाला एकदा होडीत बसून तू एकदम म्हणालास, "त्या दिसाक मी मधीच नानांशी बोलाक लागललंय. तेव्हाच चूक झाली आसतली." मी समोर बघत राहिलो. समोर नुसतं पाणी होतं.

सांगायला मी ओरोसला आलो होतो. तू शेवटी मुलीकडे होतास, नव्या सरकारी क्वार्टर्समध्ये. कावीळ उतरत नव्हती. एसटीत बसून मी सगळी वाक्यं जुळवली होती. तू खाटेवर पिवळा होऊन पडला होतास आणि मी दिसल्याबरोबर भांडायला उठून बसलास.

"ऐक. नवीन लोकांका आधी टेबल शिकव. पेन्सिलीन, हातान. मगे मशीन दी."

"मगे हरलंस तू," मी म्हटलं.

"हरलंय खंय? मशीन बंद पडला तर काय करतले म्हणान सांगतंय. धा वर्सांनी टेबल खिशातच रवतलो बघ, हातात मशीनच आसतला. पण खिशात तरी होयो." आणि मग हसून, "दोगांयचा खरा."

मी म्हटलं, "रघू, एक सांगूचा होता." तेवढ्यात मुलगी पेज घेऊन आली. दोन चमचे घेतलेस आणि तुला झोप लागली. मी तासभर बसलो. उठवलं नाही. गाडीची वेळ झाली.

परवा माणसं गेल्यावर मी मागल्या दारी गेलो. वहिनी भांडी आवरत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, खानावळीपासून. त्यांचे हात थांबले. मग बोलल्या तेव्हा आवाज चढला होता.

"भावजी, झोपेत घड्याळ बघीत हे. दोन वर्सां. उठून बसत आणि मिनटां मोजीत. आणि तुमी रोज चाय पिवक येय होतास."

मी मान खाली घातली.

"माका कित्याक सांगतास?" त्या म्हणाल्या. "ह्येंका सांगा."

म्हणून सांगतोय. तुझं घड्याळ बरोबर होतं, रघू. चाळीस म्हणजे चाळीस, पंधरा म्हणजे पंधरा. टेबलही बरोबर होतं, आणि तुझं मशीन माझ्या हातात असतं तर तेही त्याच्या परीने बरोबरच असतं. त्या होडीत खोटं मी एकट्याने सांगितलं होतं. तू माझे पाय वाचवलेस आणि बदल्यात मी तुला दोन वर्षांची शंका दिली. तरी तू ती अकरा मिनिटं मला देत राहिलास. माफी मागायची तर ती कुठल्या शब्दांत मागू हे मला समजत नाही. आभार मात्र समजतात. ते रोज सकाळी खाटेवरून पाय खाली टेकताना मानतो.

आज सकाळी वहिनींकडे गेलो होतो, जावं की न जावं करत. तुझ्या पेन्शनच्या कागदांसाठी उद्या त्यांना ओरोसला जायचंय, कचेरीत. त्यांनी मला बघितलं, आत गेल्या. मला वाटलं, झालं. पण चहा घेऊन आल्या. पेला पुढे ठेवून म्हणाल्या, "उद्या सोबत येशात मा? स्टँडपर्यंत रिक्षा नको. चलत जावया."

मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाय बरे आसत मा तुमचे?"

"बरे आसत," मी म्हटलं.